मृदुचिन्ह

भिलाईचा पोलाद कारखाना तीन लिपींच्या सहवासात उभा राहिला. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हाच्या मध्यप्रदेशात, आजच्या छत्तीसगडमध्ये, दुर्गलगतच्या या परिसरात रशियन तज्ज्ञांबरोबर यंत्रे आली, आराखडे आले आणि दुभाषेही आले. देवनागरी व रोमन यांच्या शेजारी सिरिलिक अक्षरे येऊन बसली. त्या काळातील कागद आज संगणकाच्या सूचीत घ्यायचे म्हटले, तर पहिला प्रश्न लिपीचाच उभा राहतो.

रशियन भाषेत 'उगोल' म्हणजे कोन आणि 'उगोल्य' म्हणजे कोळसा. लेखनात दोहोंची पहिली चार अक्षरे एकच. दुसऱ्या शब्दाच्या शेवटी मात्र एक मृदुचिन्ह असते. त्याला स्वतःचा उच्चार नाही. आधीच्या व्यंजनाला ते मऊ करते, एवढेच. साध्या रोमन अक्षरांत उतरवताना हे निःशब्द चिन्ह बहुधा गळते आणि कोन व कोळसा एकरूप होतात. ज्या कारखान्याचा आराखडा कोनांवाचून होत नाही आणि भट्टी कोळशावाचून पेटत नाही, त्याच्या कागदपत्रांत ही गफलत क्षुल्लक म्हणता येणार नाही.

यंत्राची अडचणही समजून घेतली पाहिजे. आस्की या जुन्या संकेतमालेत अवघी १२८ स्थाने. सिरिलिकला तिथे जागा नाही. सोव्हिएत तंत्रज्ञांनी कोई-८ या मालेत अक्षरांची मांडणी अशी केली की, आठवा बिट गळाला तरी मजकूर रोमनमध्ये कसाबसा वाचता यावा. मृदुचिन्हाच्या जागी तिथे रोमन 'एक्स' उमटतो. दिसायला विचित्र, पण खूण शिल्लक राहते. पुढे संगणकात भाषा आणि प्रदेश ठरवणारी 'लोकेल' ही नोंद आली. न मावणाऱ्या अक्षराऐवजी काय लिहावे, हे अनेक प्रणालींत तिच्यातील नियम सांगतात; नियम नसेल तिथे प्रश्नचिन्ह उमटते. रशियाच्या ७.७९-२००० या मानकाच्या दुसऱ्या पद्धतीत मृदुचिन्हासाठी कळफलकावरचा एक उलटा स्वल्पचिन्हासारखा फटकारा ठरवून दिला आहे. अशी खूण राखली, तर मूळ शब्दाकडे परतता येते; ती पुसली, तर परतीची वाट बंद होते.

मराठी वाचकाला हे दुःख परके नाही. साध्या रोमनमध्ये 'काल' आणि 'काळ' एकाच वेषात येतात. देवनागरीही निर्दोष नाही: 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च यांचे उच्चार भिन्न, अक्षर मात्र एकच. तो भेद मराठी माणूस संस्काराने जाणतो. यंत्राला संस्कार नसतो, नियम असतो.

म्हणून ग्रंथपालाने रोमन रूप शोधाच्या सोयीसाठी जरूर नोंदवावे, पण मूळ सिरिलिक ओळ त्याच्या शेजारी अबाधित ठेवावी. रोमन रूप ही वाटाड्याची पाटी आहे; तिला गाव समजण्याची चूक होऊ नये. कागदावरचे रशियन शब्द अस्खलित वाचणारी पिढी हळूहळू विरळ होत जाते. पुढच्या अभ्यासकाच्या हाती उरेल ती केवळ अक्षरे. त्यांतले जे बोलत नाही, तेच कदाचित अर्थ सांभाळून असेल.