सुट्टीने न जाणारा थकवा

शिक्षकांच्या थकव्यावर सगळ्यांकडे एकच औषध असते: सुट्टी. ‘मे आला की बरं वाटेल’ असे आम्ही एकमेकींना जानेवारीपासून सांगत असतो. मागच्या वर्षी मे आला आणि गेला. मी माहेरी राहिले, भरपूर झोपले, अम्मीच्या हातचे खाल्ले. जूनमध्ये शाळेचे फाटक दिसले आणि छातीवर तोच दगड परत येऊन बसला. राजीनाम्याचा अर्ज तर मी एप्रिलमध्येच लिहून पर्समध्ये ठेवला होता. घराचा हप्ता आणि मुलीची बारावी, एवढ्याच दोन गोष्टींनी तो तिथे थांबवला होता.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. वीस वर्षे होत आली. वयाच्या ४३व्या वर्षी मानसोपचारतज्ज्ञांनी मला एडीएचडी असल्याचे सांगितले. हा शब्द मला नवा नव्हता. बी.एड.ला शैक्षणिक मानसशास्त्रात तो शिकलो होतो: वर्गात स्वस्थ न बसणारा, मध्येच उठणारा, दुसऱ्याचे ऐकून न घेणारा मुलगा. तो मुलगाच असायचा आणि तो कधी मोठा होत नसे. मी तर शांत विद्यार्थिनी होते. बाकावर बसून खिडकीबाहेरच्या चिंचेच्या झाडावर तासभर घालवायचे, एवढेच. मुलींमध्ये बरेचदा हाच प्रकार असतो. त्या कोणाला त्रास देत नाहीत, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाहीत. निदान करताना डॉक्टर बाराव्या वर्षाच्या आधीच्या खुणा का विचारतात, ते तेव्हा कळले. हा प्रकार चाळिशीत सुरू होत नाही. तो बालपणापासून असतो, चाळिशीपर्यंत झाकलेला राहू शकतो.

एडीएचडी म्हणजे लक्षच नसणे, हा मोठा गैरसमज आहे. लक्ष भरपूर असते, ते कुठे लावायचे यावर ताबा कमी असतो. फळ्यासमोर उभी राहिले की मला घड्याळ दिसत नाही. उजवीकडून लिहिणाऱ्या मुलांना डावीकडून लिहायला शिकवणे, त्यांच्या घरच्या दखनीतून मराठीकडे जाणारी वाट शोधणे, यात मी कधी थकले नाही. थकवते ते बाकीचे. मराठी येते म्हणून शाळेत येणारे प्रत्येक परिपत्रक माझ्याकडे. यू-डायसची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, ग्रुपवर ‘आज १२ वाजेपर्यंत पाठवा’. त्यात आमच्या मुलांची नावे. जनरल रजिस्टरला ‘मो.’, आधारवर ‘मोहम्मद’, जुन्या दाखल्यावर ‘महंमद’. तीनशे नावांची अक्षरे जुळवत बसणे कोणालाही कंटाळवाणेच. माझ्यासारख्या मेंदूला ते डोक्यावर घागर घेऊन दोरीवर चालण्यासारखे असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली. तो आजार नाही, कामाच्या ठिकाणच्या दीर्घ, न हाताळल्या गेलेल्या ताणातून येणारी अवस्था आहे, असे ती सांगते. खुणा तीन: शक्ती संपणे, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. मला सर्वांत जास्त भीती वाटली ती दुसऱ्या खुणेची. मुलांच्या निबंधाच्या वह्या मला जड वाटू लागल्या होत्या.

एडीएचडी असलेल्या माणसाला पगाराच्या नोकरीसोबत एक बिनपगारी नोकरी करावी लागते: आपण इतरांसारखेच आहोत हे दाखवत राहण्याची. विसरू नये म्हणून तीनदा तपासायचे, बैठकीत ऐकतोय असे दिसायला हवे म्हणून डोळे ताणायचे, दिवसभर सावरलेले डोके घरी नेऊन पुन्हा चुलीपुढे उभे राहायचे. ही नोकरी सुट्टीतही सुटत नाही. म्हणून मे महिना पुरला नाही.

घरी सांगितले तेव्हा नणंद म्हणाली, “सबकोच होता है ऐसा, भाभी.” खरे आहे. विसर सगळ्यांनाच पडतो, जसा खोकला सगळ्यांनाच येतो. पण वर्षानुवर्षे, घरी आणि कामावर, रोजचे जगणे अडेल इतका येत असेल, तर डॉक्टरला दाखवतात. कोणी नजर लागल्याचे म्हणाले, कोणी दम करून घ्यायला सांगितले. दुआ मीही करते. दुआ आणि गोळी यांचे भांडण नाही.

उलट एक गोष्ट मला जानमाजवरच सापडली. नमाजमध्ये विसरून पहिली बैठक राहून गेली, तर शेवटी दोन जादा सजदे करतात. त्याला सजदा-ए-सहव म्हणतात. सहव म्हणजे विसर. लहानपणापासून हे करत आले, पण त्याचा अर्थ आत्ता लागला. माणूस विसरणार हे इथे आधीच धरलेले आहे, आणि त्याची भरपाई इबादतीतच ठेवलेली आहे. कोणी ओरडत नाही. आमच्या कार्यालयीन व्यवस्थेत मात्र विसर हा थेट गुन्हा असतो.

मग मी माझ्या दिवसात अशा जागा करायला लागले. डोक्यात काही ठेवायचे नाही. एकच वही, तीही टाचण वहीला बांधलेली. परिपत्रके येतील तेव्हा उघडायची नाहीत, जोहरनंतर अर्धा तास फक्त तेच. नावे जुळवायचे काम सहकारी मॅडमसोबत: एकीने वाचायचे, दुसरीने खूण करायची. शेजारी कोणी बसले तरी मेंदू जागेवर राहतो, हे आश्चर्यकारक आहे. दिवसाचे पाच भाग नमाजने आधीच केलेले आहेत. मी फक्त एका भागात एकच मोठे काम ठेवते. मुख्याध्यापकांशी बोलले, आणि मराठी परिपत्रके आता तिघांत वाटली जातात. औषध चालू आहे. रमजानमध्ये त्याची वेळ डॉक्टरांना विचारूनच सहरीला आणली.

हे सगळे करूनही काम कमी झालेले नाही, हेही सांगायला हवे. गोळी माझे लक्ष सावरते, शाळेवरचा कागदांचा डोंगर ती हलवत नाही. तो हलवणे एकट्या शिक्षकाच्या हातात नाही. आणि थकलेल्या प्रत्येकाला एडीएचडी असतो असेही नाही. इंटरनेटवरची प्रश्नावली भरून ते ठरत नाही. जवळ डॉक्टर नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

अर्ज अजून पर्समध्येच आहे. पण वर्गात माझी नजर आता वेगळीकडे जाते. दंगा करणारा सगळ्यांना दिसतो. मी तिसऱ्या बाकावरच्या, खिडकीबाहेर पाहणाऱ्या गप्प मुलीच्या शेजारी जाऊन उभी राहते आणि तिला विचारते, बाहेर काय दिसतंय. तिने चाळिशीपर्यंत वाट पाहू नये, इतकेच मला वाटते.