१.२ की १.२०? यादीतल्या एका शून्याबद्दल

मंडळी, आजचा विषय जरा कोरडा वाटेल. वर्ड आणि एक्सेलच्या तक्त्यात आकडे कसे टाकावेत, एवढाच. पण शेवटपर्यंत वाचा. कारण या तक्त्यांमध्ये आपली जमीन असते, बँकेचं खातं असतं आणि गावाचा निधी असतो.

मी सेनगावात टायपिंग-झेरॉक्सचं काम करतो. अतिवृष्टी झाली की आमच्याकडे याद्यांचा हंगाम सुरू होतो. पंचनाम्याची यादी, बाधित क्षेत्राची यादी, विशिष्ट क्रमांकाची यादी. सोयाबीन पाण्यात गेलेला माणूस हातात यादीची झेरॉक्स घेऊन येतो आणि म्हणतो, "भाऊ, यात माझं नाव बघ बरं." नाव सापडलं की तो सुस्कारा सोडतो. नावापुढचा आकडा मात्र फारसं कोणी बघत नाही.

एक काका बघणारे निघाले. त्यांच्या सातबारावर क्षेत्र होतं १.२०.००, म्हणजे एक हेक्टर वीस आर. पहिल्या यादीत ते झालं १.२. त्यावरून टाईप केलेल्या दुसऱ्या यादीत झालं १.०२. काकांनी विचारलं, "माझे अठरा आर गेले कुठं?"

कोणी खाल्ले नव्हते. एक्सेलमध्ये १.२० टाकलं की साध्या सेलमध्ये शेवटचं शून्य गळतं आणि १.२ दिसतं. कॉम्प्युटरच्या लेखी दोन्ही सारखेच, त्याचा गुणाकार चुकत नाही. पण आपल्याकडे टिंबानंतरचा आकडा आर म्हणून वाचतात. प्रिंटवर १.२ बघून पुढचा माणूस "एक हेक्टर दोन आर" वाचतो आणि इमानदारीत १.०२ लिहितो. शून्य गळलं मशीनमध्ये, नुकसान झालं कागदावर.

किती नुकसान? २०२२-२३ ते २०२५-२६ साठीच्या केंद्राच्या आपत्ती निकषांत जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये दर आहे. १.२० हेक्टरचे होतात १०,२०० आणि १.०२ चे ८,६७०. फरक १,५३० रुपयांचा. ऑफिसात बसणाऱ्याला ही रक्कम किरकोळ वाटेल, पण पीक गेलेल्या घरात ती किरकोळ नसते. आणि ज्याचं क्षेत्रच ०.४० आहे, म्हणजे साधारण एक एकर, त्याचं ०.०४ झालं तर एकराचे चार गुंठे होतात.

दुसरी गंमत गट नंबरची. गट नंबर १२/२ टाका, एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. आपला सातबारा म्हणजे ७/१२ टाकून बघा, तीच गत! हे फक्त आपलंच दुखणं नाही. जगभरच्या शास्त्रज्ञांना याचा इतका त्रास झाला की २०२० मध्ये मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने मार्च आणि सप्टेंबरसारखी दिसणारी काही जनुकांची नावंच बदलून टाकली. शास्त्रज्ञ नाव बदलू शकतात. आपण गट नंबर कसा बदलणार?

तिसरं, खाते नंबर. सुरुवातीचं शून्य उडतं. बारा अंकी आधार नंबर १.२३ई+११ असा काहीतरी दिसतो. पंधराच्या पुढचे अंक तर एक्सेल सरळ शून्य करतं, ते परत मिळत नाहीत. मग पैसे अडकतात, आणि माणूस बँक ते तहसील चकरा मारत बसतो.

इलाज अवघड नाहीत. माझ्यासारखे टायपिंगवाले, संगणक परिचालक, ग्राम महसूल अधिकारी, सगळ्यांसाठी सांगतो:

१) क्षेत्राच्या कॉलमला 'नंबर' फॉरमॅट द्या, दशांश स्थळं दोन. वर मथळा स्पष्ट लिहा: हेक्टर.आर.

२) गट नंबर, खाते नंबर, आधार नंबर हे आकडे नाहीत, ती नावं आहेत. त्यांची बेरीज कोणी करत नाही. टाईप करण्याच्या आधी कॉलमला 'टेक्स्ट' फॉरमॅट द्या. नंतर देऊन गेलेलं शून्य परत येत नाही.

३) सगळं मध्यभागी आणायची आपली सवय सोडा. नावं डावीकडे, रकमा उजवीकडे. वर्डमध्ये क्षेत्राचा कॉलम डावीकडे ठेवून सिलेक्ट करा आणि वरच्या पट्टीवर 'डेसिमल टॅब' लावा. सगळी टिंबं एकाखाली एक येतात. मग चुकलेला आकडा शोधावा लागत नाही, तोच डोळ्यात खुपतो.

४) वर्डच्या तक्त्यात सूत्राने बेरीज केली असेल तर वरचा आकडा बदलल्यावर बेरीज आपोआप बदलत नाही. ती सिलेक्ट करून एफ-९ दाबावं लागतं. ग्रामसभेत वाचलेला खर्च आणि खालची बेरीज जुळत नसेल तर दरवेळी घोटाळाच असेल असं नाही. पण विचारायला हवंच.

५) स्वल्पविराम लाखाच्या हिशोबाने द्या. १२,५०,००० बघून आपला माणूस लगेच साडेबारा लाख म्हणतो. १,२५०,००० बघून तो गप्प बसतो. विंडोजच्या रिजन सेटिंगमध्ये भारत निवडलं की एक्सेल हे स्वतःच करतं.

हिंगोली जिल्हा होऊन १ मे १९९९ पासून पाव शतक उलटलं. कार्यालयं जवळ आली, कॉम्प्युटर आले, याद्या मोबाईलवर आल्या. पण यादी सार्वजनिक केली म्हणजे ती लोकांना कळली असं होत नाही. जो आकडा शेतकऱ्याला वाचता येत नाही, तो त्याला तपासताही येत नाही. आणि जो तपासता येत नाही, त्यावर हरकत कशी घेणार?

म्हणून पुढची यादी लागेल तेव्हा नाव सापडलं म्हणून परत फिरू नका. सातबारा हातात ठेवा आणि गट नंबर, क्षेत्र, खाते नंबर हे तिन्ही अंक न् अंक जुळवा. फरक दिसला तर तिथेच लेखी अर्ज द्या, पोच घ्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांचंही बघा. घरातल्या दहावी-बारावीच्या पोराला हे काम सांगा, त्याला दहा मिनिटं लागतील.

तुमच्या गावच्या यादीत असलं काही आढळलं असेल तर कमेंटमध्ये लिहा. नाव, आधार, खाते नंबर मात्र टाकू नका.