दोन गाड्या आणि कुंभार्ली घाट

आमच्या घरात अभ्यंगस्नानाचे चार पाट आहेत. सागवानी, कोपऱ्यांना पितळी फुल्या मारलेले, आजीच्या वेळचे. गेली काही वर्षे दिवाळीच्या पहाटे त्यांतला एक हटकून कमी पडे. मग सौ. आतून हाक देई, "अहो, गाडीतला पाट आणा!" मी किल्ली घेऊन खाली जाई, मागच्या बाकाखालून पाट काढी, आणि भाऊबीज आटोपली की पुन्हा जागच्या जागी नेऊन ठेवी. २०२१ साली आईच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून गाडीत बसायचे म्हणजे आधी पाटावर, मग गाडीच्या पायरीवर आणि मग आत, असा तिचा जिना ठरला होता.

गाडी म्हणजे २०१० सालची इनोव्हा. नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, निवृत्तीनंतर २०१४ साली ती जुनी घेतली. ऐंशी-ब्याऐंशी हजार किलोमीटर पळालेली. तेवढ्या पैशांत कोरी करकरीत छोटी गाडी येत होती. पण नानांचे गणित वेगळे होते. ते म्हणाले, "छोट्या गाडीत चौघे बसतील. गुहागरला जाताना बाकीच्यांनी काय एस.टी.ने यायचं?" व्याडेश्वर आमचे कुलदैवत, काकांचे घर देवळापासून हाकेच्या अंतरावर, आणि वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून तिथे जायचे हा नानांचा नेम. २०२० साली नाना गेले. गाडी राहिली, नेम राहिला. पण २०२२ नंतर आईने येणे सोडले. "आता तिथं माझं काय आहे?" एवढेच ती म्हणे, आणि नाना नाहीत म्हणून तिला तिकडे करमत नसेल अशी आम्ही आपली समजूत करून घेतली.

या वर्षी, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, त्या गाडीला पंधरा वर्षे पुरी होणार होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची; पुढे चालवायची तर तपासणी करून घ्या, पर्यावरण कर भरा आणि पाच वर्षांचा नवा परवाना मिळवा. काढून टाकावी की ठेवावी, आणि काढली तर घ्यावी कोणती, हा प्रश्न जानेवारीपासून घरात घोळत होता. धाकट्या भावाने मागच्या वर्षी ठाण्याला नवी हायक्रॉस घेतली होती. रस्त्यावर येईपर्यंत तिची किंमत तीस लाखांवर गेली. प्राध्यापकाच्या पगारात ती बसणारी नव्हती. माझा डोळा होता मधल्या पिढीवर, म्हणजे जुन्या बाजारात मिळणाऱ्या क्रिस्टावर.

माझा विषय मराठी, यंत्रे नव्हेत. पण शब्दाचे मूळ खणण्याची खोड एकदा अंगी मुरली की ती गाडीलाही सोडत नाही. या घराण्याचे मूळ निघाले इंडोनेशियात. टोयोटाने १९७७ साली तिथे एक साधी, दणकट गाडी काढली आणि तिचे नाव ठेवले 'किजांग'. किजांग म्हणजे भेकर. आपल्या कोयनेच्या रानात संध्याकाळी कुत्र्यासारखे भुंकते तेच. तिचा एक वंशज २००० साली 'क्वालिस' हे नाव घेऊन आपल्याकडे आला. २००५ साली क्वालिस गेली आणि इनोव्हा आली. २०१६ साली क्रिस्टा. आणि २५ नोव्हेंबर २०२२ रोजी हायक्रॉसवरचा पडदा दूर झाला. या गाड्या बंगळूरजवळच्या बिडदीला तयार होतात, आणि कारखान्याच्या नावात टोयोटाच्या जोडीला किर्लोस्कर आहेत. हे नाव मराठी घराला नांगरामुळे जेवढे ठाऊक, तेवढेच मासिकामुळे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पणतू विक्रम किर्लोस्कर हे या कारखान्याचे उपाध्यक्ष. त्या नोव्हेंबरात, पडदा दूर झाल्यावर चारच दिवसांनी, ते वारले.

पहिल्या दोन पिढ्यांची बांधणी ट्रकच्या जातीची. खाली लांब पोलादी सांगाडा, त्यावर बसवलेली पेटी, आणि मागची चाके गाडी पुढे ढकलणार. आमच्या जुनीचे डिझेल इंजिन १०२ अश्वशक्तीचे; क्रिस्टाचे २.४ लिटरचे १५०. हायक्रॉसमध्ये तो सांगाडाच नाही. सारा देह एकसंध, पुढची चाके ओढणार, डिझेलला रजा. भावाच्या गाडीत दोन लिटरचे पेट्रोल इंजिन आणि त्याला विजेच्या मोटारीची साथ. या बदलाचा आमच्या घरावर काय परिणाम होणार होता ते मला तेव्हा कळले नाही. मी अश्वशक्तीचे आकडे वाचीत बसलो होतो.

मार्च-एप्रिलचे रविवार क्रिस्टा पाहण्यात गेले. पहिल्या गाडीचा आकडा सत्तर हजार किलोमीटरांचा. विक्रेता सांगत होता, डॉक्टरांची गाडी, घर ते दवाखाना एवढीच फिरलेली. आमच्या मिस्त्रीने इंजिन पाहिलेच नाही. त्याने दार उघडले, खाली वाकून ब्रेकच्या पेडलावर बोट फिरवले आणि म्हणाला, "सर, ह्याचं रबर बघा. डॉक्टर काय दवाखान्यात ब्रेकवर उभे राहत होते?" रबर गुळगुळीत झाले होते. दुरुस्तीच्या नोंदी मागवल्या तेव्हा तीच गाडी दोन वर्षांपूर्वी एक लाख चाळीस हजारांवर होती असे निघाले. जुनी गाडी घेणाऱ्याने आकडा शेवटी पाहावा. आधी पेडल, सुकाणूचे चक्र आणि चालकाच्या बैठकीची कड पाहावी. हात, पाय आणि बूड यांनी लिहिलेले सहसा कोणी खोडत नाही. दुसरी गाडी मात्र खरोखर चांगली निघाली. २०१७ ची, एका घरची, कागद चोख. साडेतेरा लाख मागितले होते. महिन्याची मुदत मागून घेतली.

मेच्या पहिल्या आठवड्यात गुहागरचा बेत ठरला. भाऊ ठाण्याहून परस्पर मुंबई-गोवा रस्त्याने जाऊ शकला असता. पण तो वाट वाकडी करून पुण्याला आला आणि आईला म्हणाला, "यंदा माझ्या गाडीतून चल. नवी गाडी कुलदैवताला दाखवायची आहे." याला तिला नाही म्हणता येईना.

पहाटे साडेपाचला निघालो. पुढे नवी, मागे जुनी. खंबाटकी चढताना जुनीने नेहमीप्रमाणे घसा खाकरला आणि दुसऱ्या गिअरात मुकाट चढून गेली. सातारा मागे पडले आणि उंब्रजला चहाला थांबलो. उंब्रजचा चहा हाही नानांचाच नेम. इथून महामार्ग सोडून मल्हारपेठेकडे वळले की गर्दी संपते आणि उजव्या-डाव्या हाताला उसाची शेते लागतात. आई या थांब्यावर कधी उतरत नसे. तिला हॉटेलातला चहा आवडत नाही हे घरात सर्वांना ठाऊक होते. त्या दिवशी मी गाडी लावून येतो तर आई बाकावर बसून बशीतून चहा पीत होती. मी भावाकडे पाहिले. तो म्हणाला, "दुसरा कप आहे, दादा."

इथे आम्ही गाड्या बदलल्या. मुलांना जुनीच हवी होती. तिच्या खिडक्या उघड्या टाकून ओरडता येते. दोघी जावा मुलांवर नजर ठेवायला त्याच गाडीत गेल्या. नवीत उरलो मी आणि आई. मी कळ दाबली. काहीच आवाज नाही. सुरू झाली नसेल म्हणून पुन्हा दाबली, तर चालू झालेली गाडी बंद पडली. भाऊ काचेशी येऊन हसत म्हणाला, "दादा, ती बोलत नाही. नुसती चालते." मधल्या खुर्चीला पाय टेकायची फळी पुढे येते. भावजयीने तिला न्हाव्याची खुर्ची असे नाव ठेवले होते. आई त्यावर पाय पसरून बसली होती आणि काचेच्या छपरातून आभाळ पाहत होती.

मल्हारपेठच्या अलीकडे जुनीचे मागचे चाक बसले. रस्त्याकडेच्या दुकानातला पोरगा आला, त्याने पुस्तक पाहिले नाही की काही विचारले नाही. जॅक कुठे टेकायचा हे त्याच्या हातांना ठाऊक होते. वीस मिनिटांत चाक बसले. ते करता करता त्याने नव्या गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिले आणि म्हणाला, "हिला आपण हात नाही लावायचा." त्यात आदर किती आणि तक्रार किती हे मला कळले नाही.

पाटण गेले, कोयनानगर गेले, हेळवाक मागे टाकून कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर आलो. इथे देश संपतो आणि कोकण एकदम पायाखाली उघडते. जुन्या गाडीतून हा घाट उतरणे म्हणजे एक सोहळा असे. दुसरा गिअर, इंजिनाचा हुंकार, प्रत्येक वळणावर पेटीचे एका अंगाला झुकणे. आईच्या हातात लिंबू, तोंडात आवळासुपारी आणि डोळे मिटलेले. नव्या गाडीत मी पाय उचलला आणि ती नुसती ओघळत निघाली. समोरच्या पाटीवर बॅटरीचे चित्र होते, त्यात एकेक रेघ भरत होती. भावाने सांगितले होते की उतारावर चाकेच मोटारीला फिरवतात आणि होणारी वीज साठत जाते. पुढे सपाटीला तीच वापरायची. घाटाच्या पायथ्याशी पोफळीला डोंगराच्या पोटात कोयनेचे वीजघर आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचे पाणी खाली सोडायचे आणि त्याच्या पडण्याची वीज करायची, अशी एकूण १९६० मेगावॅट. त्यातली पहिली वीज १९६२ सालची. आमची गाडी त्याच डोंगरावरून त्याच युक्तीने उतरत होती.

आई झोपली असेल म्हणून मी आरशात पाहिले. ती जागी होती. लिंबू पिशवीतच होते.

"आई, बरी आहेस ना?" मी विचारले.

"बरी आहे. घाट एवढा छान आहे होय?" ती म्हणाली. चाळीस-पंचेचाळीस वर्षे ती या घाटाने ये-जा करीत होती.

गाडीत आवाज नव्हता म्हणून की काय, मी विचारून टाकले, "तीन वर्षं का आली नाहीस?"

"चढता येत नव्हतं रे."

"पाट होता की."

"पाट होता. पण पाटावर चढायला तुझा हात, सूनबाईचा खांदा, आणि बघायला सगळी आळी. एकदा उतरलं की पुन्हा तेच. म्हणून मी उतरतच नसे. आणि उतरायचं नाही म्हटलं की पाणी पिऊन भागत नाही. शेवटच्या खेपेला तर पुण्यापासून गुहागरपर्यंत घोटभर पाणी प्याले नव्हते. काकूंनी दारात तांब्या दिला तेव्हा हात कापत होता माझा. म्हटलं, आता पुरे. ह्यांची गाडी, तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून बोलले नाही."

मी रस्त्याकडे पाहत राहिलो. परक्याच्या गाडीच्या पेडलाचे रबर झिजलेले मला दिसले होते. चिपळूण येईपर्यंत आम्ही फारसे बोललो नाही.

व्याडेश्वराच्या देवळात आई स्वतः चालत गेली. संध्याकाळी सुरूच्या बनाशी वाळूत बसली. ते दोन दिवस कसे गेले हे सांगत बसत नाही. गुहागर ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते सांगायला नको. परतताना मात्र जुनीचा दिवस उजाडला. आंब्याच्या अकरा पेट्या, दोन फणस, आमसुलांची पिशवी आणि काकूंनी दिलेला सुपारीचा रोपा. काचेच्या छपरावर आंब्याची पेटी ठेवायची कोणाची छाती? जुनीच्या टपावर जाळी आहे, मागची बाके बाजूला उचलून बांधता येतात. सगळे काही तिने पोटात आणि डोक्यावर घेतले, आणि घाट चढून पुण्याला आणून टाकले. डिझेल लिटरला बाराच्या हिशेबाने प्याली. नवीचा कागदोपत्री आकडा २३.२४ चा; आमच्या प्रवासात पाटीवर एकोणीस दिसत होते. दोन्ही आकडे भावाने मला ऐकवले.

पुण्याला आल्यावर मी शिंप्याची टेप घेऊन ती २०१७ ची क्रिस्टा पुन्हा पाहायला गेलो. मालकाला वाटले मी डिकी मोजणार. मी दार उघडले आणि जमिनीपासून तळापर्यंतची उंची मोजली. मग घरी येऊन जुनीची मोजली. फरक असा नव्हताच. दोघींच्या खाली तोच सांगाडा, तेव्हा पेटी उंचावरच बसणार. आणि तो सांगाडा नाही म्हणूनच नवीत आई एका पावलात बसते. दीडशे अश्वशक्ती तिच्या गुडघ्याच्या काही उपयोगाची नव्हती. मालकाची क्षमा मागून मी तो व्यवहार सोडला.

जुनी गाडी काढली नाही. ऑगस्टमध्ये तपासणीला नेली. दिवे, धूर, ब्रेक सारे पास झाले आणि २०३० पर्यंतचा परवाना मिळाला. आंबे, मुले आणि लग्नाची भांडी यांसाठी ती आहे. गुहागरला जायचे ठरले की आई आता मला विचारत नाही. ठाण्याला फोन लावते आणि त्याला सुट्टी कधी ते विचारते. डॉक्टरांकडे ती रिक्षाने जाते. रिक्षाची पायरी तिला बरी पडते, हेही मला यंदाच कळले.

तपासणीला नेण्याच्या आदल्या दिवशी गाडी धुतली, तेव्हा मागच्या बाकाखालचा पाट बाहेर काढला. त्याची एक फुली निखळली होती. सौ.ने ती बोहरी आळीतून बसवून आणली. यंदा नरकचतुर्दशीला चारही पाट घरात आहेत.