दुधाची वाटी

गेल्या पावसाळ्यात तात्यापाऱ्यातल्या आमच्या घराच्या जिन्याखाली सापडलेली दीड-दोन महिन्यांची दोन पिल्लं मी घरात घेतली. मांजर म्हटलं की दूध, म्हणून वाटीभर गाईचं दूध ठेवलं. दुसऱ्याच दिवसापासून जुलाब. सासूबाई म्हणाल्या, "दहीभात दे, पोट थांबेल." थांबलं नाही. आठवड्यानं धाकटं मान टाकून पडलं, तेव्हा मात्र मी घाबरले.

डॉक्टरांनी ताजी शी डबीत मागवली. सूक्ष्मदर्शकाखाली गोल जंतांची अंडी दिसली. हे जंत आईच्या दुधातूनही पिल्लांत येतात. शिवाय गाईच्या दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, बऱ्याच मांजरांना पचत नाही. वजनानुसार जंताचं औषध मिळालं, 2 आठवड्यांनी पुन्हा. दूध बंद. काही दिवस बिनमिठाचं उकडलेलं चिकन थोडं थोडं, पाणी भरपूर. मग पिल्लांचं तयार खाणं 7 ते 10 दिवसांत हळूहळू वाढवलं.

तुमच्याकडे पिल्लू आलं, तर जुलाब अंगावर काढू नका. लहान जीव लवकर सुकतो. घरातली गोळी तर मुळीच नको, पॅरासिटामॉल मांजरांच्या जिवावर बेततं.

धाकटं आता जिना चढून गच्चीवर जातं. वाटी तीच आहे, आत फक्त पाणी असतं.