चोवीस घरे, तेवीस तारा

जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरले होते आणि त्यावर तारांचा एक मोठा गुंता पडला होता. पिवळ्या, लाल, नारिंगी, काळ्या. आजी पोळ्यांचा डबा घेऊन स्वयंपाकघरातून आली आणि दारातच थबकली.

"हे काय रे? स्वेटर विणायला घेतलास की काय?"

"विणायला नाही गं आजी, ओवायला," नातू म्हणाला. "या प्रत्येक तारेला एक-एक झबलं घालायचंय."

आजीला हे उत्तर थट्टेचे वाटले. पण ते अक्षरशः खरे होते. डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांच्या घरात पुढच्या चार रात्री तेच चालले.

मुलगा लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करीत असे. आतापर्यंत दुसऱ्याच्या स्टुडिओत, दुसऱ्याच्या मशिनवर. दीड वर्ष पैसे साठवून त्याने स्वतःचा कॉम्प्युटर बांधायला घेतला होता. तयार विकत घ्यायचा नाही, सुटे भाग आणून घरी जोडायचा. त्यासाठी किती वेळा तो दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरला आणि लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून भाव काढत हिंडला, त्याची गणती नाही. एकेक वस्तू घरी येई आणि कपाटावर मांडून ठेवली जाई. सोमवारी पहिले काम सुरू करायचे होते, इसारही घेऊन झाला होता.

त्याने आणलेल्या कॅबिनेटची एक बाजू काचेची होती. सारे पोट उघडे! आता घरात काचेचे कपाट आले की भांडी घासूनपुसून ठेवावी लागतात, तसेच हे. आतला तारांचा पसारा त्याच्या डोळ्यांना खुपू लागला. हौशी मंडळी या लाल-पिवळ्या तारांना चेष्टेने 'केचप-मस्टर्ड' म्हणतात. महागड्या पॉवर सप्लायला हल्ली सगळ्या काळ्याच तारा येतात आणि विणलेले आवरण चढवलेल्या तयार केबलही मिळतात; पण त्यांच्या किमती पाहून त्याने हे काम स्वतःच करायचे ठरवले होते. रंग निवडला मोरपंखी. आईच्या पैठणीच्या काठाचा असतो तसा.

"रंग झाकणार? सगळ्या तारांचे?" बाबांनी वर्तमानपत्र खाली केले.

बाबा वायरमनच्या नोकरीतून निवृत्त झालेले. घरात फारसे बोलत नसत. पण विजेचा विषय निघाला की त्यांना गप्प बसवत नसे. लाल म्हणजे फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. हे शब्द त्यांनी मुलाला पाढ्यांच्याही आधी शिकवले होते. एका जागी कुणीतरी लाल वायर संपली म्हणून फेजला काळीच वापरून वेळ मारून नेली होती. बाबांच्या जोडीदाराने काळी म्हणून निर्धास्त हात घातला आणि तो शिडीवरून खाली फेकला गेला. जीव वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटे कायमची वाकडी राहिली. ही हकीगत घरात सर्वांना पाठ होती.

"बाबा, तुम्ही २३० व्होल्टवर काम केलंत. या तारांत १२ व्होल्ट आहेत फार तर. हात लावला तरी काही होत नाही."

"तुला होणार नाही. त्या मशिनला होईल."

मुलाने उत्तर दिले नाही. दोघांमध्ये त्या दिवसांत अशी अर्धवट राहिलेली वाक्ये बरीच होती. हे जोडाजोडीचे वेड नोकरीऐवजी चालले आहे, असे बाबांचे मत होते, आणि ते मुलाला ठाऊक होते.

ज्यांनी कॉम्प्युटरच्या आत कधी डोकावून पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडेसे. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची वीज कॉम्प्युटरला जशीच्या तशी चालत नाही. पॉवर सप्लाय नावाची लोखंडी पेटी तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट असे लहान वाटे करते आणि तारांमधून मदरबोर्डकडे पाठवते. इंटेल कंपनीने १९९५ साली या मांडणीचा नमुना ठरवला, त्यात तारांचे रंगही आले. पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ ची, नारिंगी ३.३ ची, काळ्या साऱ्या परतीच्या. जांभळी तार कॉम्प्युटर बंद असतानाही जागी असते. हिरवी तार काळीला टेकली की पेटी चालू होते. आतले व्होल्ट नीट आहेत ही वर्दी देते ती राखाडी. मुख्य केबलच्या टोकाला चोवीस घरांचा एक प्लॅस्टिकचा ठोकळा असतो. घरे चोवीस, पण भरलेली तेवीस. विसाव्या घरात पूर्वी उणे ५ व्होल्टची पांढरी तार असे. तिची गरज असलेली जुनी कार्डे गेली, तार गेली, घर तेवढे मागे राहिले.

पेटी उघडायची नाही, एवढी एकच अट बाबांनी घातली होती आणि ती मुलाने मानली. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून अधिक व्होल्टचा साठा काही काळ राहू शकतो. शिवाय पेटीवरचे सील फाटले की वॉरंटीही गेली. तेव्हा ठोकळ्याकडून सुरुवात करून पेटीच्या तोंडापर्यंत आवरण चढवायचे आणि तिथे आकसणाऱ्या नळीने, म्हणजे हीटश्रिंकने बंद करायचे, असे ठरले.

आवरणासाठी त्याने पॅराकॉर्ड आणली होती. पॅराशूटसाठी निघालेली ही नायलॉनची दोरी सुमारे चार मिलिमीटर जाडीची, पण अडीचशे किलो वजन पेलते म्हणतात. तिच्या पोटातले पांढरे पदर ओढून काढले की बाहेरची विणलेली पोकळ नळी उरते. ते काढलेले पदर आजीने फेकू दिले नाहीत. गॅलरीतला मोगरा बांधायला ते फार छान निघाले.

ठोकळ्यातून तार काढण्यासाठी वेगळे हत्यार मिळते. ते नव्हते म्हणून स्टेपलरच्या दोन पिना सरळ करून पितळी पिनेच्या दोन्ही अंगांना सारल्या, तिचे बारीक कान दबले, तार सुटली. इथवर ठीक. पण ती तार नळीत जाईना. पिनेचे कान विणीत अडकत आणि धागे ओढले जात. पहिल्या रात्री तासाभरात दोन तारा झाल्या आणि बोटे लाल झाली.

आजी शेजारी शेंगा सोलत बसली होती. "नाडी कधी घातली नाहीस ना, म्हणून," ती म्हणाली. "टोक आधी गुंडाळून घे गुळगुळीत. आणि तार ढकलू नकोस. नाडा घालताना आपण नाडा ढकलतो का? कापड चुणत न्यायचं, मागून सोडायचं, पुन्हा चुणायचं."

त्याने पिनेवर चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळला, नळी चुणत मागे नेली, सोडली, पुन्हा चुणली. तार सापासारखी आत शिरली. आजीने शेंगांची परात बाजूला सारली आणि दुसरी तार हातात घेतली. प्रत्येक तार सुमारे ६० सेंटीमीटर, तेवीस तारा. म्हणजे एका केबलला जवळजवळ चौदा मीटर नळी दोघांनी मिळून चुणली. मग तिचे टोक लायटरने किंचित वितळवून पिनेच्या मुळाशी चटकन दाबायचे. यात अंगठा भाजतोच. शेवटी पिनेचे कान पुन्हा उभे करून ती घरात सारायची, 'टक्' असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर तार नंतर मागे सरकते, जोड सैल राहतो, तापतो आणि जळतो. तेराव्या घराने बराच त्रास दिला. तिथे नारिंगीच्या सोबतीला एक बारीक तपकिरी तार त्याच पिनेत बसवलेली निघाली. मदरबोर्डपर्यंत प्रत्यक्ष किती व्होल्ट पोचले हे पेटीला कळवणारी तार ती.

तो एका वेळी एकच तार काढत होता. काढायची, ओवायची, परत त्याच घरात. पण चौथी रात्र रविवारची होती, साडेअकरा वाजून गेले होते. चारच तारा उरल्या होत्या. त्याने चारही एकदम काढल्या, ओवल्या, ओळीने ठेवल्या आणि पहिल्या मोकळ्या घरापासून टक्, टक्, टक्, टक् बसवून टाकल्या. शेवटचे घर रिकामे राहिले. एक घर रिकामे असतेच, हे त्याला माहीत होते.

केबल फार सुंदर दिसत होती. आजीने तिच्यावरून हात फिरवला. मुलाने मदरबोर्ड पुढे ओढला.

"थांब," बाबा म्हणाले. ते जागेच होते. कपाटातून त्यांनी आपला जुना मल्टिमीटर काढला. "जोडण्याआधी मोजू. तू तक्ता वाच, मी मोजतो."

मदरबोर्डला न लावता, तारेचा एक वाकडा तुकडा सोळाव्या आणि सतराव्या घरात घालून पेटी चालू केली. पंखा फिरला. बाबांनी चष्मा सारखा केला. एक, ३.३. दोन, ३.३. तीन, परतीची. असे एकोणीसपर्यंत सगळे जुळत गेले.

"वीस."

"रिकामं," मुलगा म्हणाला.

"पाच दाखवतंय."

मुलाने तक्त्यावरून मान वर केली. बाबांनी पुढे मोजले. एकवीस, पाच. बावीस, पाच. तेवीस.

"पाच हवेत."

"शून्य आहे. चोवीसात तारच नाही." बाबांनी काळजीपूर्वक प्लग काढला. "एक घर सरकलंय सगळं."

रंग दिसत असते तर लाल, लाल, लाल, काळी हा क्रम डोळ्यांनी क्षणात पकडला असता. आता चारही मोरपंखी. मदरबोर्डवर पाच व्होल्टची सगळी घरे आतून एकमेकांना जोडलेली असतात. त्यांपैकी तेविसाव्यात परतीची काळी तार गेली म्हणजे सरळ शॉर्टसर्किट. चांगली पेटी अशा वेळी स्वतःच बंद पडते, पडायला हवी. पण दीड वर्षाची बचत त्या 'पडायला हवी'वर सोडायची वेळ आली होती.

बाबा रागावतील म्हणून मुलगा वाट पाहत राहिला. बाबांनी स्टेपलच्या पिना उचलून त्याच्या हातात दिल्या आणि टेबलावरचा दिवा जवळ ओढला. "कडेच्या तारेपासून काढ. एक काढ, एक बसव."

ते झाल्यावर पुन्हा एक ते चोवीस मोजणी झाली. सगळे जुळले तेव्हा सव्वा वाजला होता.

"हे पाच वर्षांनी दुसऱ्या कुणी उघडलं तर?" बाबांनी विचारले. मुलाजवळ उत्तर नव्हते. आजीजवळ होते. तिने भरतकामाच्या रिळांचा डबा आणला. पेटीच्या तोंडाशी, काचेतून जिथे काही दिसत नाही अशा जागी, प्रत्येक तारेवर तिच्या मूळ रंगाच्या दोऱ्याचे चार वेढे. लाल मिळाला, पिवळा, नारिंगी, जांभळा मिळाला. काळा तर होताच. बाबा गाठी मारीत गेले. पूर्वी पॅनेलमधल्या वायरी मेण लावलेल्या दोऱ्याने बांधत, ती त्यांची जुनी गाठ होती, घट्ट आणि चपटी. ती कशी मारतात ते मुलाने दोनदा विचारून घेतले.

राखाडी दोरा मात्र डब्यात नव्हता.

सोमवारी सकाळी कॉम्प्युटर चालू झाला. कॅबिनेटच्या मागच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला आहे, बाबांच्या सुबक, थोड्या तिरप्या अक्षरात. एक ते चोवीस आकडे, प्रत्येकासमोर व्होल्ट आणि रंग. विसासमोर 'रिकामे' असे लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. आणि आठव्यासमोर लिहिले आहे: 'राखाडी. दोरा पांढरा बांधला आहे, राखाडी मिळाला की बदलणे.'