वाप्सीकाठचा मुक्काम आणि सहा फुटांची दोरी

अमेरिकेच्या आयोवा राज्यात सीडर रॅपिड्स नावाचे शहर आहे. सीरिया-लेबनॉनकडून आलेल्या मुसलमान कुटुंबांनी १९३४ साली येथे बांधलेली छोटी मशीद आजही उभी आहे. ती ‘मदर मॉस्क’ म्हणून ओळखली जाते. आमच्याकडे कोणी पाहुणे आले की पहिली भेट तिथलीच. दुसरी मात्र शहराबाहेर, सेंट्रल सिटी या लहानशा गावाजवळ. दोन्ही बाजूंना मक्याची शेते ठेवत रस्ता उत्तरेला जातो आणि वाप्सिपिनिकन नदीच्या झाडीत उतरतो. लोक या नदीला लाडाने ‘वाप्सी’ म्हणतात. तिच्या काठी लिन काउंटीचे पिनिकन रिज उद्यान आहे.

काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा, पण आकाराने बराच लहान विभाग. आयोवात अशा ९९ काउंट्या आहेत. १९५५ च्या कायद्याने त्यांना आपापली निसर्ग-संवर्धन मंडळे स्थापन करण्याची मुभा मिळाली आणि आज प्रत्येक काउंटीत असे मंडळ आहे. मोठ्या राष्ट्रीय उद्यानांची कीर्ती जगभर असते. ही गावाकडची उद्याने मात्र आसपासच्या माणसांची. शुक्रवारी संध्याकाळी गाडी काढावी, तंबू ठोकावा आणि रविवारी परतावे, इतका साधा मामला. तंबूच्या जागेवर एक लाकडी मेज आणि चुलीसाठी लोखंडी कडे असते. नळ आणि स्वच्छतागृहे चालण्याच्या अंतरावर असतात.

यंदा आमच्याबरोबर दोघींची भर होती. एक, रत्नागिरीहून आलेल्या अम्मी. दुसरी, आमची मांजर बिल्लो. बिल्लोला तीन दिवस घरी एकटी ठेवायला अम्मी तयार नव्हत्या. पण तिथे कुत्रेही येतात हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. कोकणातले आम्ही बहुतेक शाफई. कुत्र्याचे ओले तोंड कपड्याला लागले तर सात वेळा धुवायचे, त्यातले एकदा मातीने, हे त्या लहानपणापासून पाळत आलेल्या. शिवाय गल्लीतल्या मोकाट कुत्र्यांची धास्ती होतीच. “नमाज कुठे पढायची मी? सगळीकडे कुत्रेच असतील तर मी गाडीत बसून राहीन,” असे त्यांनी निघण्याआधीच सांगून टाकले.

या प्रश्नाचे उत्तर आम्हाला उद्यानाच्या नियमांतच मिळाले. पाळीव प्राणी आणायला हरकत नाही. पण त्याच्या गळ्यातली दोरी सहा फुटांपेक्षा लांब नको, आणि त्याची घाण मालकाने उचलायची. दोरीचा नियम फक्त कुत्र्यांपुरता नाही. त्यामुळे बिल्लोलाही अंगपट्टा घालून दोरीला बांधावे लागले. ती तासभर रुसली, मग मेजाखाली पसरून पक्षी न्याहाळू लागली.

सहा फूट म्हणजे माणसाच्या उंचीएवढे अंतर. आम्ही तंबूच्या मागे, झाडाच्या आडोशाला जागा निवडली, तिथे कोरी ताडपत्री अंथरली आणि तिच्यावर जानमाज. रत्नागिरीत पश्चिमेला तोंड करणाऱ्या अम्मींना इथे ईशान्येकडे वळावे लागले. असरच्या वेळी शेजारच्या तंबूतले आजोबा आपला मोठा काळा कुत्रा घेऊन त्या बाजूने निघाले होते. जानमाज दिसताच त्यांनी दोरी मनगटाभोवती गुंडाळून आखूड केली आणि लांबून वळसा घेतला. अम्मींनी सलाम फेरल्यावर हे पाहिले. संध्याकाळी त्या म्हणाल्या, “इथल्या कुत्र्याला मालक आहे, म्हणून भीती कमी वाटते. आपल्या गल्लीतल्याला कोणीच नाही.”

दुसऱ्या दिवशी आमच्या लेकीला त्याच कुत्र्याला कबाबाचा तुकडा द्यायचा होता. आम्ही आधी आजोबांना विचारायला लावले आणि बरे झाले, कारण कबाबात कांदा होता. कांदा, द्राक्षे, चॉकलेट या वस्तू कुत्र्यांना विषासारख्या. कांदा तर मांजरालाही वाईट. आजोबांनी खिशातले बिस्किट लेकीच्या हाती दिले. अम्मी चार पावले दूर उभ्या राहून पाहत होत्या, पण तंबूत गेल्या नाहीत.

प्राणी घेऊन जाणाऱ्यांनी आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आयोवात सहा महिन्यांवरील कुत्र्याला रेबीजची लस कायद्यानेच लागते. लसीचा कागद जवळ असू द्यावा. प्राण्याला बंद गाडीत ठेवू नये. बाहेर २१ अंश सेल्सिअस असले तरी उन्हातल्या गाडीत दहा मिनिटांत पारा ३२ च्या आसपास जातो. गवतात गोचिडी असतात. रोज संध्याकाळी प्राण्यांचे कान आणि मुलांच्या पोटऱ्या तपासाव्यात. पाण्यावर हिरवा तवंग दिसला तर प्राण्याला ते पिऊ देऊ नये. उरलेले अन्न रात्री बाहेर ठेवले तर रॅकून हा चोर प्राणी डबा उघडतो. जळाऊ लाकूड दूरवरून आणू नये, तिथेच घ्यावे. २०१० पासून आयोवातली अ‍ॅशची झाडे एका किड्याने पोखरली आहेत आणि तो लाकडातूनच दूर पसरतो. उन्हाळ्यात वादळे येतात, म्हणून पोहोचताच जवळची पक्की इमारत पाहून ठेवावी. १० ऑगस्ट २०२० च्या वादळाने याच काउंटीतली असंख्य झाडे आडवी केली होती.

प्राण्यांचे लाड करणारे आणि त्यांच्यापासून अंग राखून असणारे, दोघेही एकाच घरात असतात. आमच्या घरात तर आहेतच. अशा घराने सहलीचा बेत सोडून द्यावा किंवा कोणाला तरी मागे ठेवून जावे, याची गरज नसते. जागा निवडताना प्राण्यांना परवानगी आहे का, एवढेच विचारून थांबू नये. दोरीचा नियम आहे का आणि तो पाळला जातो का, हेही विचारावे. ज्या नियमाने अम्मींची जानमाज पाक राहिली, त्याच नियमाने आमची बिल्लो मोठ्या कुत्र्यांपासून सुखरूप राहिली.

परतीच्या दिवशी तंबू गुंडाळताना अम्मींनी पुढच्या वेळी कोणते कबाब न्यायचे ते ठरवून टाकले. त्यातले चार बिनकांद्याचे करायचे आहेत.