जिथे मोटार पाहुणी असते

सहा-सात वर्षांची मुलगी स्वतःच्या सायकलवर, डाव्या अंगाला दुसऱ्या सायकलवर तिची आई, आणि आईचा उजवा हात मुलीच्या पाठीवर. मुलगी जरा मागे पडली की तो हात तिला हलकेच पुढे ढकलतो. दोघी बोलत बोलत हॉलंडमधल्या उट्रेख्ट शहराच्या व्रेडनबर्ग रस्त्यावरून निघाल्या आहेत, आणि वेळ आहे सकाळची, ऐन कचेरी-शाळांच्या गर्दीची! या लाल डांबरी पट्ट्यावरून दिवसाला तीस हजारांहून जास्त सायकली जातात. त्या लोंढ्यात ही मायलेकींची जोडी, आणि कुणालाच त्यात काही विशेष वाटत नाही.

मी पुण्यात वाढले. आमच्या आईवडिलांच्या पिढीनं सायकलींनी भरलेलं पुणं पाहिलंय, त्यामुळे नुसत्या संख्येचं मला अप्रूप नव्हतं. मी थक्क झाले ती चालवणाऱ्यांची वयं बघून. पंचाहत्तरीच्या आजी दोन्ही बाजूंना भाजीच्या पिशव्या लटकवून चालल्यात. एक गृहस्थ एका हातात उघडी छत्री धरून पावसातून निवांत पेडल मारतायत. कुणाच्या सायकलला पुढे लाकडी पेटी, त्यात दोन पोरं. हेल्मेट जवळजवळ कुणाच्याच डोक्यावर नाही. ज्यांना आपण रस्त्यावर एकटं सोडायला धजत नाही, तीच माणसं इथे रस्त्यावर सगळ्यात निर्धास्त होती.

हे कशामुळे, ते मी एका साध्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहून पाहिलं. आपल्याकडे गल्ली आली की फूटपाथ तुटतो, माणूस खाली उतरतो, दोन्हीकडे बघत पळतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. तिथे फूटपाथ आणि सायकलचा पट्टा दोन्ही त्याच पातळीत, त्याच रंगात गल्लीवरून सरळ पुढे जातात. चढउतार करायची ती मोटारीनं. कडेला उतरते दगड बसवलेले असतात, त्यांवरून गाडीला गोगलगाईच्या चालीनंच यावं लागतं. माझ्यादेखत सामान पोचवणारी एक व्हॅन आली. पुढची चाकं दगडांना टेकायच्या आत थांबली. तीन सायकली गेल्या, काठी टेकत एक आजोबा गेले, मग ती हळूच वर चढली. ड्रायव्हर भला असेलही, पण त्याचा भलेपणा पणाला लावायची गरजच रस्त्यानं ठेवली नव्हती. काही रस्त्यांवर तर सगळी रुंदीच लाल, आणि कडेला पाटी: मोटार इथे पाहुणी आहे. मोटारी येतात, पण सायकलींच्या मागून, त्यांच्या वेगानं. आपल्याकडचे सायकल ट्रॅक बहुतेकदा चौक येण्याआधीच विरून जातात, म्हणजे जिथे जीव जायचा तिथेच.

हॉलंड आधीपासूनच असं होतं, ही समजूत मात्र खोटी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारींसाठी घरं पाडली, चौकांचे वाहनतळ केले. खुद्द उट्रेख्टनं १९७०च्या सुमारास जुन्या गावाभोवतीच्या कालव्याचा एक भाग बुजवून तिथे मोटारींचा रुंद रस्ता बांधला. १९७१ साली या चिमुकल्या देशात तीन हजारांहून जास्त माणसं रस्त्यांवर मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. विक लांगेनहोफ या पत्रकाराची मुलगी त्यांतली एक. त्यानं ‘डे टाइड’ या वृत्तपत्रात लिहिलेल्या लेखाचा मथळा होता, ‘बालहत्या थांबवा’. तेच नाव घेऊन चळवळ उभी राहिली. आईबाप आणि पोरं रस्त्यावर आली, रस्ते अडवले, मोटारींना बंद केलेल्या गल्ल्यांत मुलांना खेळायला सोडलं. १९७३च्या नोव्हेंबरात तेलटंचाई आली, सरकारनं रविवारी मोटारी बंद ठेवल्या, आणि मोकळा रस्ता कसा दिसतो ते लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. आज लोकसंख्या कितीतरी वाढूनही रस्त्यावरचे मृत्यू वर्षाला सातशेच्या आसपास आहेत. सगळं आलबेल नाही. त्यांत सायकलस्वार पुष्कळ असतात, आणि विजेच्या सायकलींवरून पडणाऱ्या म्हाताऱ्यांची काळजी तिथे सगळ्यांनाच आहे.

उत्तरेकडच्या ख्रोनिंगेननं तर नवा रस्ता न बांधता काम केलं. सप्टेंबर १९७७मध्ये माक्स व्हान डेन बेर्ख या तरुण नगरसेवकाच्या पुढाकारानं शहराच्या मध्यभागाचे चार तुकडे केले. एका तुकड्यातून दुसऱ्यात मोटारीनं जायचं तर बाहेरच्या वळणरस्त्यापर्यंत जाऊन यायचं. सायकल आणि पायी माणूस मात्र सरळ. एकेरी रस्त्यांच्या पाट्या बदलल्या की झालं! दुकानदार खवळले, धंदा बुडणार म्हणाले. योजना टिकली. त्याच गावात काही चौकांत चारही बाजूंच्या सायकलींना एकदम हिरवा दिवा मिळतो. मी श्वास रोखून पाहत होते. सगळे एकाच वेळी निघाले, एकमेकांकडे बघत, वेग किंचित कमीजास्त करत, आणि एकही न आपटता पार झाले.

उट्रेख्टनं बुजवलेला कालवा पुन्हा खणला. सप्टेंबर २०२०मध्ये जुन्या गावाभोवती पाण्याचं कडं पुरं झालं. ज्या जागेवरून मोटारी धावायच्या तिथे आता होड्या चालतात. शेजारीच स्टेशनाखाली तीन मजली सायकलतळ आहे, साडेबारा हजार सायकलींचा, पहिले चोवीस तास फुकट. सायकलवरून न उतरता थेट आत जायचं, मोकळी जागा कुठे ते फलक सांगतात.

मला सगळ्यात जास्त आवडली ती मुलांची परीक्षा. प्राथमिक शाळेतल्या अकरा-बारा वर्षांच्या पोरांची वाहतुकीची लेखी परीक्षा होते आणि मग प्रत्यक्ष रस्त्यावरची. अंगावर नंबर लावलेली पोरं एकेक करून नेहमीच्या रहदारीतून ठरलेल्या मार्गानं सायकल चालवत जातात. कोपऱ्याकोपऱ्यावर आईबाप आणि आजीआजोबा कागद घेऊन उभे: हात दाखवला का, खांद्यावरून मागे पाहिलं का. एक मुलगी वळणावर हात दाखवायला विसरली, लगेच ध्यानात आलं तशी जीभ चावून तिनं हात बाहेर काढला. कागदावर खूण झाली की नाही ते मला दिसलं नाही. सुट्टी संपली की यांतल्या पुष्कळांची माध्यमिक शाळा घरापासून काही किलोमीटरांवर असेल, आणि ऊन असो की पाऊस, रोज तिथे ती सायकलनंच जातील.